ताईच्या स्वयंपाकघरातली शांतता

मंगळवार, १० मार्च
सकाळ, चहा झाल्यावर

प्रिय टकळे,

आशीर्वाद. एरवी त्यांच्याआधी "अनेक" लावते, आज नुसतेच आहेत, ते गोड मानून घे. इकडे तब्येती ठीक. माझा गुडघा त्याच्या मर्जीनं वागतो. तुझ्या आईची दाढ काढली, सूज उतरली, आता ती डाव्या बाजूनं चावते आणि उजव्या बाजूनं तक्रार करते. समोरच्या इमारतीला रंग देताहेत, त्यामुळे खिडक्या लावून बसावं लागतं आणि तरीही प्रत्येक घासाला रंगाचा वास येतो.

तुझे निरोप मिळाले. "मावशी, फोन का उचलत नाहीस?" असं प्रत्येकात विचारलं आहेस. त्याचं उत्तर देणार आहे, पण आधी तुझं काम.

तुझ्या रेडिओ केंद्रावर नव्यानं लागलेल्या मुलांना "प्रसारण म्हणजे काय" हे सोप्या भाषेत सांगायचं तुझ्यावर आलंय, आणि मी जन्मभर निवेदिका होते म्हणून "दोन पानं लिहून दे ना, अगदी बाळबोध" असा लाडिक हट्ट केला आहेस. घे.

बोलताना आपण हवा ढकलतो. दुसरं काही करत नाही. माइकच्या आत एक पातळ पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. ढकललेली हवा त्यावर आपटते, तो थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. ही वीज अगदी अशक्त, स्वतःच्या बळावर पलीकडच्या गल्लीतही पोचायची नाही. म्हणून तिला एका दांडग्या लहरीच्या खांद्यावर बसवतात. तिला वाहक लहर म्हणायचं. तिला स्वतःला काही सांगायचं नसतं, ती फक्त ओझं वाहते. मनोरा तिला चारी दिशांना फेकतो. मग कुणाच्या तरी घरातला रेडिओ हवेतल्या असंख्य लहरींमधून नेमकी तीच पकडतो, खांद्यावरच्या स्वाराला उतरवून घेतो, दांडगीला वाटेला लावतो आणि स्वाराच्या थरथरीनं स्पीकरमधला कागदी पडदा हलवतो. तो पडदा पुन्हा हवा ढकलतो. झालं. इथल्या हवेला बसलेला धक्का तिथल्या हवेला बसतो. धक्का कसला होता, हे वाटेत कुणीही विचारत नाही.

हल्ली इंटरनेटवरूनही जातं म्हणे. ते तुझं तू घाल.

मुलांना एवढं मात्र नक्की सांग, की पत्रावर पत्ता असतो, प्रसारणावर नसतो. हे पत्र मी तुला लिहिते आहे, ते तूच वाचशील. पण एकदा मनोऱ्यावरून सुटलेलं वाक्य कोणाकडे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. आजारी माणसाच्या उशाशी जाईल, तुरुंगात जाईल, जिच्याबद्दल आहे तिच्या घरातही जाईल. आणि त्याला परत बोलावता येत नाही. पोस्टमनच्या मागे धावता तरी येतं.

आमचे इंजिनियर विनोदी होते. पहिल्या दिवशी मी घाबरून माइकपासून हातभर लांब बसले, तर म्हणाले, "बाई, जवळ या. माइक चावत नाही. पण तो निर्लज्ज आहे हं, पुढे पडेल ते गिळतो." मी कॉन्व्हेंटमधून आलेली. आमच्या सिस्टरनी ओठ किती उघडायचे हे आरशासमोर उभं करून शिकवलेलं. मला वाटायचं, प्रसारण म्हणजे स्वच्छ उच्चार. प्रत्यक्षात माइकवरच्या स्पंजाला सगळ्यांच्या तोंडांचा वास यायचा: सिगारेटचा, लवंगेचा, उपाशी पोटाचा. पहिले काही दिवस मी घरी जाऊन चुळा भरायचे. मग सवय झाली. त्या वासाची किळस गेली, कारण ती माणसं खरंच बोलायला यायची. आपण बोलतोय हे त्यांना माहीत असायचं. समोर लाल दिवा लागलेला दिसायचा आणि भले भले लोक खुर्चीत सावरून बसायचे.

आता एक धडा, जो पुस्तकात बारीक अक्षरात असतो. बाहेर कुणाच्या घरी ध्वनिमुद्रण करायला गेलो, की निघताना आम्ही सगळ्यांना गप्प बसवायचो आणि नुसती खोली मुद्रित करायचो. घरातले लोक हसायचे. एक आजोबा म्हणाले होते, "आता भिंतींची मुलाखत घेता काय?" पण तसंच असतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. एकीत पंखा, एकीत नळ, एकीत रस्त्याची घरघर. पुढे फीत कापून जोडताना मधल्या फटीत तीच शांतता भरायची, म्हणजे ऐकणाऱ्याला ठेच लागत नाही. खोकला काढा, अडखळणं काढा, त्याला हरकत नव्हती. माणसाचं म्हणणं मात्र जागेवरून हलवायचं नाही.

हे सगळं त्या मुलांना सांगशील ना? तू सांगशील. तुझा आवाज गोड आहे. लहानपणी आमटीचा डाव तोंडासमोर धरून तू जेवणाचं धावतं वर्णन करायचीस: "आता बाबा दुसरी पोळी घेत आहेत. आता बाबा आईकडे बघत आहेत, कारण भाजीत मीठ नाही." तुझे बाबा हसून हसून लाल व्हायचे आणि ताई म्हणायची, "ही माझी टकळी सगळ्या गावाला घरचं सांगणार."

जेवून पुढचं लिहिते.

दुपार

फोनचं सांगायचं राहिलंय ना, ते आता लिहिते.

गेल्या गुरुवारी ताईला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. ती आत खुर्चीत, मी बाहेर बाकावर. माझ्याशेजारी दोन बायका, पलीकडे गालाला रुमाल लावलेला एक गृहस्थ. कोपऱ्यात भिंतीवर स्पीकर, त्यात तुमचं केंद्र. मला आनंद झाला. शेजारणीला सांगणार होते, ही आमची भाची बरं का. तेवढ्यात तू म्हणालीस, "आज आपल्याबरोबर एक पत्नी आहे. नाव सांगू नका म्हणाली आहे. तिनं आजारी नवऱ्याची वर्षानुवर्षं सेवा केली. आज ती खरं बोलणार आहे."

मग तू तुझ्या त्या मखमली आवाजात विचारलंस, "सेवा करताना कधी असं वाटलं का, की आता हा माणूस जावा?"

आणि माझी सख्खी बहीण म्हणाली, "रोज. असा एक दिवस जात नाही. सकाळी चहा गाळताना तर हमखास."

टकळे, तोंडात लोखंडाची चव येते ना, तशी आली. शेजारची बाई म्हणाली, "काय बाई तरी! वाटलं तरी बोलून दाखवावं का?" दुसरी म्हणाली, "अगं, अशांनाच रेडिओवर बोलावतात." गालाला रुमाल लावलेला माणूससुद्धा रुमाल काढून ऐकायला लागला.

मी उठून काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "हे बंद करा."

"काकू, सगळे ऐकताहेत."

"मला त्रास होतोय."

"मग पाणी देऊ का?"

आत डॉक्टरांचं यंत्र घुर्र करत होतं. ते थांबू नये म्हणून मी देवाला विनवलं. आपल्या बहिणीच्या दाढेत यंत्र चालू राहावं म्हणून प्रार्थना करणारी मी जगातली एकटीच असेन. यंत्र थांबलं तेव्हा तुझा कार्यक्रम संपून गाणं लागलं होतं. ताई बाहेर आली, तोंडात कापूस, ओठ लुळा, आणि त्या लुळ्या ओठानं मला म्हणाली, "टकळीचा कार्यक्रम चुकला का गं? असू दे. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी पुन्हा असतो."

तिला वाटलं, मी तिच्या दाढेसाठी रडते आहे.

पण मी तुला हेही सांगते, की मी लगेच तुझ्यावर संशय घेतला नाही. मनात म्हटलं, माणूस थकतो. ताई थकली होती, म्हणाली असेल. तिची परवानगी घेतली असशील. पण कान जन्मभर ज्या कामात मुरलेत ते थोडेच गप्प बसतात? तिच्या उत्तरामागे तिचा फ्रिज घुमत होता. तो फ्रिज मला ठाऊक आहे, बंद पडताना धाडकन थरथरतो आणि दारातल्या बाटल्या वाजतात. तुझ्या कार्यक्रमात "हमखास" पर्यंत तो घुमत होता आणि पुढच्याच वाक्यात गप्प. बाटल्या वाजल्याच नाहीत. आणि तुझ्या प्रश्नामागे तर काहीच नव्हतं, स्टुडिओतली मेलेली शांतता. म्हणजे प्रश्न एका जागी, उत्तर दुसऱ्या जागी. मी मनाशी म्हटलं, हे शिवलंय.

घरी आल्यावर तिला मऊ भात दिला आणि सहज विचारलं, "टकळी आली होती म्हणालीस ना परवा? काय म्हणत होती?"

तिचा चेहरा असा उजळला! "अगं, शनिवारी आली न कळवता. एरवी उभ्या उभ्या येते. त्या दिवशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. फोन पालथा ठेवला बाजूला, एकदाही उचलून पाहिला नाही. आणि विचारलं, आई, बाबांची आठवण येते का गं? हे गेल्यापासून पहिल्यांदा विचारलं तिनं. मला वाटायचं, ती विसरली."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? रोज, म्हटलं. असा एक दिवस जात नाही. सकाळी चहा गाळताना तर हमखास."

मी उठून मोरीत गेले आणि तिचं ताट घासत बसले.

तर फोन न उचलण्याचं कारण हे. मला तुझ्याशी फोनवर बोलायची भीती वाटते. मी "बरी आहे" म्हणेन आणि ते तू कुठल्या प्रश्नापुढे चिकटवशील, कुणास ठाऊक. म्हणून कागद.

आता नीट ऐक. तिला काही माहीत नाही. येत्या रविवारी दुपारी ती रेडिओसमोर बसणार आहे. तू दोन गोष्टी कर. तो भाग रविवारी लागू देऊ नकोस. आणि त्याआधी घरी येऊन आईला स्वतःच्या तोंडानं सांग. मी मध्ये पडणार नाही.

मावशी

शुक्रवार, १३ मार्च

टकळे,

पत्राचं उत्तर तू फोनवर लिहून पाठवलंस. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तू म्हणतेस, नाव दिलं नव्हतं. मग "नाव सांगू नका म्हणाली आहे" हे कोण म्हणालं? जिला विचारलंच नाही तिच्या तोंडी नकारसुद्धा तूच घातलास.

तू म्हणतेस, निर्मात्याला "धारदार काहीतरी" हवं होतं आणि आठवडाभर कुणी बोलायला तयार होत नव्हतं. हे मला कळतं. कुणी तयार होत नाही, याचाही काहीतरी अर्थ असतो ना गं? आमच्या शाळेत चॅपलच्या कोपऱ्यात पापांच्या कबुलीसाठी एक लाकडी खोली होती, कपाटाएवढी. आम्ही ख्रिस्ती नसलेल्या मुली, आम्हाला तिचं फार कुतूहल. एकदा एक मुलगी मागे लपून ऐकून आली आणि मधल्या सुट्टीत नकला करून दाखवायला लागली. आम्ही हसलो नाही. कुणी शिकवलं नव्हतं, पण अंगावर काटा आला. त्या मुलीशेजारी डबा खायला कुणी बसेना. मला सध्या तसं होतंय. तुझा लहानपणीचा फोटो कपाटावर आहे, त्याच्याकडे पाहिलं की घास फिरतो.

तू म्हणतेस, किती तरी बायकांचे निरोप आले, त्यांना हलकं वाटलं. वाटलं असेल. तसं वाटणाऱ्या बायका असतात आणि त्या वाईट नसतात. त्यांच्यापैकी एकीला शोधायचं होतंस, तिच्यासमोर लाल दिवा लावायचा होतास. त्यांना हलकं करण्यासाठी आपल्या आईचं दुःख चोरून दुसऱ्याच शब्दांना का टाचलंस?

आणि तू म्हणतेस, आई त्या दिवशी पुढे म्हणाली होती की "कधी कधी वाटायचं, बिचाऱ्याची सुटका व्हावी," म्हणजे खोटं काहीच नाही. मग तेच का नाही लावलंस? तुझ्याकडे होतं. मी सांगते का. त्या वाक्यात तिला त्याची दया येते आहे, आणि दयेला धार नसते.

शेवटी लिहिलंस, "रविवारचा भाग आता काढता येणार नाही, पण आईला कुठे कळतंय? तू बोलू नकोस म्हणजे झालं." रविवारचा भाग काढता येत नाही हे तू कुणाला विचारलंस, ते लिहिलं नाहीस. मला वाटतं, तू विचारलंच नाहीस.

"आईला कुठे कळतंय." अगं, तू केंद्रावर लागल्यापासून त्या घरात रेडिओ बंद होत नाही. तू बातम्यांमध्ये नसतेस तरी बातम्या ऐकते, जाहिराती ऐकते. शेजारीण म्हणते, "तुमच्याकडे पाहुणे असतात का सारखे?"

म्हणून काल मी तिला सांगितलं. मध्ये पडणार नाही म्हणाले होते, पडले. रविवारी तिनं ते अचानक ऐकावं, त्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं, असं वाटलं. कसं झालं ते लिहिते, कारण ते तुझ्या ऐकण्यात यायलाच हवं.

ती वाटाणे सोलत होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, दाताच्या डॉक्टरांकडचं, फ्रिजचं, पालथ्या फोनचं, प्रश्नाचं. ती सोलतच राहिली. मला वाटलं, तिला समजलं नाही. म्हणून पुन्हा सांगायला लागले, तर म्हणाली, "समजलं गं. मी काय बहिरी आहे?"

मग आणखी एक शेंग फोडत म्हणाली, "माझा आवाज कसा येत होता? चिरका?"

"नाही. छान येत होता."

"आणि लोकांना काय वाटलं?"

मीही एक शेंग उचलली.

"त्या बायकांना मी तशी वाटले?"

"हो."

तिनं मान हलवली. "बरं झालं हे नाहीत ऐकायला." असं म्हणाली आणि आपण काय म्हणालो ते तिचं तिलाच कळलं, तशी हसली. ते हसणं मला पुन्हा कधी पाहायचं नाही.

मला वाटलं होतं ती तुझ्यावर चिडेल, मी चिडले तशी. तर मलाच म्हणाली, "तू तिला वेडंवाकडं लिहू नकोस हं. नोकरी आहे तिची. वरचे लोक दबाव आणत असतील." मला तिचाही राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, "ताई, तुझ्याच घरात बसून तिनं तुला विकलं." तर म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल. मी जरा जास्तच बोलते. तिला तरी कोणाकडून मिळालं?"

मी निघाले. दारापर्यंत सोडायला आली. चपला घालताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात, इकडेतिकडे बघत, स्वतःच्या घरात इकडेतिकडे बघत, तिनं विचारलं:

"निघताना तिनं मला जवळ घेतलं होतं. बराच वेळ सोडलंच नाही. म्हणाली, आई, किती वाळलीस गं. तेव्हाही फोनमध्ये ते चालू होतं का?"

कार्यक्रमात जे आलं ते मी ऐकलं. जे आलं नाही ते फक्त तुला माहीत आहे.

रविवारी कार्यक्रम दोन वाजता लागतो. ताई ऐकणार आहे, मी तिच्याशेजारी बसणार आहे. त्याआधी ये. फोन घरी ठेवून ये. निमित्तं सांगू नकोस, निर्मात्याचं नाव काढू नकोस, रडू तर मुळीच नकोस. तिला फक्त त्या एका प्रश्नाचं उत्तर दे. बंद केला होतास, तर तसं सांग. चालू होता, तर तसं सांग, आणि तिच्यासमोर बसून राहा.

येणार नसशील, तर मला कळवू नकोस. आम्हाला दोन वाजता कळेलच.

तुझी म्हणायला अजून जीभ वळत नाही, पण दुसऱ्या कोणाचीही नसलेली,
मावशी